शिक्षा म्हणून वरची खुर्ची

फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने जून २०१९ मध्ये मैदानाबाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाच्या रागाची प्रतवारी लावून दिली. तोवर पंच प्रशिक्षकाला तोंडी समज देत, फारच झाले तर तोंडीच हाकलत. खेळाडूंना १९७० च्या विश्वचषकापासून मिळणारी पिवळी-लाल कार्डे प्रशिक्षकसाहेबांपर्यंत पोचायला जवळपास अर्धशतक लागले. आता यादी कशी पक्की आहे. ‘आदरपूर्वक’ मैदानात घुसलात तर नुसती ताकीद. निर्णय पटला नाही म्हणून पाण्याची बाटली लाथाडली तर पिवळे. व्हिडिओ तपासा म्हणून बोटांनी हवेत टीव्हीची चौकट पुन्हा पुन्हा काढून दाखवली तरी पिवळे, आणि उपरोधिक टाळ्या वाजवल्या तरी पिवळेच. टाळी मनापासूनची की खोचक, हे ऐंशी मिनिटे धावून दमलेल्या पंचाने क्षणात ओळखायचे. उपहास तिथे दखलपात्र गुन्हा आहे. सदरे लिहिणाऱ्यांनी टचलाइनच्या आसपासही फिरकू नये हे बरे. शिवीगाळ, हाणामारी किंवा समोरच्या संघाला खेळ सुरू करता येऊ नये म्हणून चेंडू अडवणे, याला मात्र थेट लाल.

इतकी तपशीलवार यादी असूनही टचलाइनवर शांतता नांदत नाही, आणि त्याचा दोष पंचांच्या शिट्टीला किंवा त्यांच्या धाडसाला देण्याची पद्धत आहे. पंच कचरतात, हे खरेच आहे. पण खरी गोम शिक्षेतच आहे. लाल कार्ड मिळालेला खेळाडू बाहेर जातो तेव्हा त्याचे दहा सहकारी उरलेला सामना ऊर फुटेस्तोवर धावतात. प्रशिक्षकाला तेच कार्ड मिळाले तर तो डगआउट सोडतो, संघ अकराचा अकराच राहतो, साहाय्यक उभा राहून तेच डावपेच ओरडतो. पुढच्या सामन्याला साहेब प्रेक्षागृहात, म्हणजे जिथून मैदान जास्त नीट दिसते तिथे जाऊन बसतात. शिक्षा म्हणून माणसाला वरची खुर्ची देणारा दुसरा खेळ शोधून सापडायचा नाही.

मुख्य पंच आणि प्रशिक्षक या दोघांच्या मध्ये कात्रीत सापडतो तो चौथा पंच. हे पद १९९१ मध्ये आले आणि प्रशिक्षकाने उभे राहायची चौकट १९९३ मध्ये. बाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर, पुढे टचलाइनच्या एक मीटर अलीकडेपर्यंत, आणि सूचना द्यायला एका वेळी एकानेच उभे राहायचे, असा नियम. प्रत्यक्षात त्या चौकटीत चार माणसे आणि त्यांचे आठ हात एकदम हवेत असतात. चौथ्या पंचाला स्वतः कार्ड दाखवायचा अधिकार नाही. तो मुख्य पंचाला कळवू शकतो, बस्स. त्यामुळे त्याची अवस्था सरकारी कचेरीतल्या तक्रार खिडकीवरच्या कारकुनासारखी होते. तक्रार स्वीकारली जाते, पोच मिळत नाही आणि शिव्या त्यानेच खायच्या. नव्वद मिनिटे तो कान देतो, मान डोलावतो, हाताने ‘मागे व्हा’ म्हणत राहतो. यालाच आजकाल ‘सामना सांभाळणे’ म्हणतात.

आणि समजा त्याने कळवलेच? २९ ऑगस्ट २००९ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध अगदी शेवटी आर्सेनलचा गोल ऑफसाइड ठरला. आर्सेनलचे प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांनी प्लास्टिकची बाटली लाथाडली. चौथ्या पंचाने खूण केली, मुख्य पंच माइक डीन धावत आले आणि वेंगर यांची हकालपट्टी झाली. जायचे कुठे, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. शेवटी हा उंच, सडपातळ, सुटाबुटातला गृहस्थ डगआउटमागच्या कट्ट्यावर चढला आणि युनायटेडच्या प्रेक्षकांमध्ये दोन्ही हात पसरून उभा राहिला. सामना संपायला जेमतेम काही क्षण उरले होते. पुढे दिलगिरी व्यक्त केली ती इंग्लंडच्या पंचप्रमुखांनी! असा एक प्रसंग पाहिलेला पंच पुढच्या वेळी बाटलीकडे काणाडोळा करील, तर त्याला नावे कशी ठेवायची?

बंदीचे म्हणाल, तर तिची किंमत जोझे मोरिन्यो यांनी २००५ मध्येच दाखवून दिली. बार्सिलोनाविरुद्धच्या सामन्यात मध्यंतराला बार्सिलोनाचा प्रशिक्षक पंचांच्या खोलीत गेला, असा आरोप चेल्सीच्या या प्रशिक्षकाने केला. त्यानंतर आलेल्या जिवे मारण्याच्या धमक्यांना कंटाळून पंच अँडर्स फ्रिस्क यांनी शिट्टीच खाली ठेवली. मोरिन्योंना दोन सामन्यांची बंदी झाली. त्यांतल्या बायर्न म्युनिकविरुद्धच्या सामन्याला आपण धुण्याच्या कपड्यांच्या टोपलीत बसून ड्रेसिंग रूममधून बाहेर पडलो, हे पुढे त्यांनीच हसत सांगितले. तो सामना चेल्सीने ४-२ असा जिंकला. एका माणसाचा पेशा सुटला आणि दुसऱ्याला आयुष्यभर सांगायला किस्सा मिळाला.

आपल्याकडचा दाखला तर आणखी ताजा. २१ जून २०२३, बेंगळुरू, दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ स्पर्धेत भारत विरुद्ध पाकिस्तान. मध्यंतर तोंडावर आलेले, भारत २-० ने पुढे. पाकिस्तानचा खेळाडू थ्रो-इनसाठी चेंडू उचलून उभा, तेवढ्यात भारताचे प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांनी मागून हात घालून त्याच्या हातातला चेंडू उडवला. यादीबरहुकूम लाल. साहेब गेल्यावर भारताने आणखी दोन गोल केले. नेपाळविरुद्ध ते नव्हते. गोव्याचे महेश गवळी उभे राहिले आणि भारत २-० ने जिंकला. कुवेतविरुद्ध साहेब परतले आणि पुन्हा बाहेर गेले. या वेळी दोन सामन्यांची बंदी आणि ५०० डॉलर दंड, तेव्हाच्या दराने चाळीसेक हजार रुपये. उपांत्य आणि अंतिम सामना पुन्हा गवळींच्या देखरेखीखाली, दोन्ही पेनल्टी शूटआउटमध्ये जिंकले, करंडक भारताचा. आता कोणी म्हणेल, शूटआउट म्हणजे नशीब, आणि चार सामन्यांवरून कसला सिद्धान्त काढता? मान्य. कुवेतविरुद्ध साहेब बाहेर गेल्यावरच भारताने स्वयंगोल खाऊन बरोबरी पत्करली, हेही खरे. माझे म्हणणे एवढेच की, जी शिक्षा झाल्याचे संघाला कळतही नाही, तिला कोणी भिणार नाही.

म्हणून उपाय सांगतो: प्रशिक्षकाला लाल कार्ड मिळाले की त्या संघाचा एक खेळाडू-बदल रद्द. पाचही वापरून झाले असतील तर पुढच्या सामन्यातून वजा, उधारी चालेल. यावर पहिली ओरड होईल ती जोशाची. प्रशिक्षकाचे रक्त सळसळते, त्याला काय करणार? पण आनंदाच्या भरात शर्ट काढणाऱ्या विशीतल्या पोराला पिवळे कार्ड देताना कोणी त्याच्या रक्ताची चौकशी करत नाही. दुसरी ओरड, एकाच्या गुन्ह्याची सजा सगळ्यांना का? फुटबॉलने सामूहिक शिक्षा कधीच मान्य केली आहे, दहा जणांनी खेळणे म्हणजे दुसरे काय? शिवाय बाकावरून शिवी कोणी दिली ते कळले नाही तर कार्ड प्रमुख प्रशिक्षकाच्या नावावर पडते, हे याच नियमांत लिहिले आहे. तिसरी हरकत वजनदार आहे. पंच चुकतात, मग दाद मागायची कुठे? सामन्यानंतर, कागदावर मागावी. चौथ्या पंचाच्या कानाशी ओरडून निर्णय बदलत नाही. निदान त्या आशेवर नियम चालवता येत नाहीत.

आणि मनात आणले तर फुटबॉल चालवणाऱ्या मंडळींना कडक होता येते. मार्च २०२३ मध्ये इंडियन सुपर लीगच्या सामन्यात बेंगळुरूच्या सुनील छेत्रीने झटपट घेतलेल्या फ्री किकवर गोल झाला म्हणून केरळ ब्लास्टर्सचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच संघ घेऊनच निघून गेले. तेव्हा क्लबला ४ कोटींचा दंड झाला आणि प्रशिक्षकाला दहा सामन्यांची बंदी. चौथ्या पंचाचे कान फाटले तर चालतात, सामनाच बंद पडला तर मात्र चालत नाही, असा याचा अर्थ दिसतो.

खेळाडू-बदल रद्द करण्याचा उपाय नियम ठरवणाऱ्या मंडळाला जाचक वाटला, तर त्यांनी निदान २०२२ च्या विश्वचषकाचा निकाल-तक्ता पाहावा. घानाकडून हरल्यावर कॉर्नर घेऊ दिला नाही म्हणून पंचांवर धावून गेलेले दक्षिण कोरियाचे प्रशिक्षक पाउलो बेंतो यांना लाल कार्ड मिळाले. पुढचा सामना त्यांनी प्रेक्षागृहातून पाहिला आणि कोरियाने पोर्तुगालला २-१ असे हरवून बाद फेरी गाठली. ब्राझीलविरुद्ध बेंतो पुन्हा टचलाइनवर आले. कोरिया ४-१ ने हरले.