वाढत्या अंगाचा कोट

माझ्या आईच्या लेखी जगात रंग दोनच. एक मळखाऊ आणि दुसरा बिनकामाचा. मापंही दोनच. एक आत्ता बसणारं आणि दुसरं पुढच्या जूनमध्ये बसणारं. पहिल्या मापाचा कपडा आमच्या घरात कधी कुणी शिवल्याचं मला आठवत नाही.

कराडला आमच्या आळीत एक शिंपीकाका होते. गळ्यातला टेप काढून ते माझं माप घ्यायचे आणि मशीनवरच्या पोऱ्याला आकडे सांगायचे. "कंबर बावीस." मागून आई म्हणायची, "चोवीस लिहा." "लांबी तेरा." "पंधरा लिहा. आणि आत दाब भरपूर ठेवा." शिंपीकाका समोर उभ्या असलेल्या मुलाचं माप घेत आणि आई तीन वर्षांनी होणाऱ्या मुलाचं सांगे. वहीत तोच दुसरा मुलगा लिहिला जाई. शाळेची खाकी हाफपँट पहिल्या वर्षी गुडघ्याखाली लोंबायची, दुसऱ्या वर्षी नेमकी बसायची आणि तिसऱ्या वर्षी दाब उसवून खाली सोडलेली असायची. दुमडीत राहिलेल्या कापडाला ऊन-पाणी लागलेलं नसे. त्यामुळे वरची चड्डी विटलेली आणि खाली दोन बोटं गर्द, कोरी पट्टी. आमच्याकडे चड्डीवरून इयत्ता ओळखता यायची. पुढे ती धाकट्याकडे जायची. चड्डीला खालून अशी पट्टी असतेच, असा त्याचा कितीतरी वर्षं समज होता.

एवढी पुण्याई गाठीशी असूनही वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, इंग्लंडात, लीड्स शहरातल्या एका आरशासमोर मी पाऊण तास उभा होतो. ट्रेंच कोटाचा रंग ठरत नव्हता. माप तर त्याहून नाही.

लेक लीड्सला असते. आम्ही ऑक्टोबरात तिच्याकडे गेलो. आपला पाऊस येतो, कोसळतो आणि जातो. तिथला पाऊस पागडीच्या भाडेकरूसारखा. आवाज करत नाही, पण हलतही नाही. मी पुण्याहून नेलेलं विंडचीटर घालून हिंडत होतो. ते मेव्हण्याला कुठल्याशा डीलर मेळाव्यात मिळालेलं, पाठीवर सिमेंटची जाहिरात असलेलं. चौथ्या दिवशी लेक म्हणाली, "बाबा, तुझी एकसष्टी आहे. तुला ट्रेंच कोट घेऊया. क्लासिक वस्तू आहे. आयुष्यभर टिकते." या वयात 'आयुष्यभर' ही मुदत दुकानदाराच्याच सोयीची असते, हे मी तिला सांगितलं नाही.

ट्रेंच म्हणजे खंदक. १९१४च्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या चिखलात खंदक खणून सैन्यं वर्षानुवर्षं समोरासमोर बसली, तेव्हा ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या अंगावर हा कोट आला. तो पहिला कुणी केला यावर बर्बेरी आणि ॲक्वास्क्यूटम या दोन इंग्लिश पेढ्यांचा जुना वाद आहे. दोघी पुण्यात असत्या, तर दोघींच्याही पाटीवर 'मूळ दुकान' आणि 'आमची कोठेही शाखा नाही' असं लिहिलेलं असतं. अधिकारी तो पदरच्या पैशाने शिवून घेत. साध्या शिपायाला तो मिळत नसे. आमच्या सातारा जिल्ह्यातून जी पोरं त्या महायुद्धात गेली, त्यांच्या अंगावर हा कोट नव्हता, एवढं ध्यानात ठेवून पुढचं वाचावं.

त्याआधी पावसाला तोंड द्यायचं ते रबराने. चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून पाणी अडवलं. तो कोट माझ्या पिढीला समजावून सांगावा लागत नाही. शाळेत पावसाळ्यात वर्गातल्या खुंट्यांवर तीस-चाळीस रेनकोट निथळत असायचे आणि साऱ्या वर्गाला जुन्या टायरचा वास यायचा. बाहेरून पाऊस आत येत नसे, पण आतला घामही बाहेर जात नसे. त्यामुळे भिजायचं ते भिजायचोच. यावर उपाय काढला थॉमस बर्बेरीने. १८५६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी त्याने बेझिंगस्टोक गावात कापडदुकान टाकलं आणि १८७९मध्ये गॅबर्डीन काढलं. विणून झालेल्या कापडाला रबर फासण्याऐवजी त्याने सूतच आधी जलरोधक करून घेतलं आणि मग ते घट्ट विणलं. पाणी घसरून जातं आणि अंगाला वाराही लागतो.

त्या कापडाचे कोट आजही लीड्सच्या शेजारी कॅसलफर्डला शिवले जातात. "म्हणजे इथे स्वस्त मिळत असेल," मी म्हणालो. नाशकात द्राक्षं आणि रत्नागिरीत आंबा या हिशेबाने वाढलेला माणूस दुसरं काय म्हणणार? लेकीने मला दुकानात नेलं. किंमत दीड हजार पौंडांच्या पुढे. मी रुपयांत गुणाकार केला आणि दुसऱ्याचं तान्हं बाळ परत द्यावं तसा, मानेखाली हात देऊन, तो कोट होता तिथे ठेवला.

मग आम्ही गेलो ते धर्मादाय दुकानात. तिकडे लोक वापरलेल्या चांगल्या वस्तू अशा दुकानांना देतात आणि विक्रीचे पैसे दानधर्माला जातात. आईच्या भाषेत, थोरल्याचं धाकट्याला. फक्त थोरला कोण ते आपल्याला माहीत नसतं. तिथे एका दांडीवर चार रंगांचे बरेच ट्रेंच कोट लटकत होते. गल्ल्यावरच्या सत्तरीच्या बाई माझ्याकडे पाहून गोड हसल्या आणि म्हणाल्या, "हनी ऑर स्टोन, लव्ह?"

आमच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली. एवढी संबोधनं मला एका दमात कुणी वाहिली नव्हती. मी बायकोकडे पाहिलं. ती चिनी मातीच्या बशा उलट्या करून किमती वाचत होती. लेकीने खुलासा केला. यॉर्कशरमध्ये सगळ्यांनाच 'लव्ह' म्हणतात. बसचा ड्रायव्हरही म्हणतो. आणि हनी, स्टोन हे कोटाचे रंग आहेत. एक मध आणि एक दगड. तिसरा नेव्ही, चौथा काळा.

मी मध पाहिला, दगड पाहिला. मधाला आपण मातकट म्हणतो आणि दगडाला, फार तर, धुतलेला मातकट. आमसुली, डाळिंबी, पोपटी, चिंतामणी असे रंग बायकोच्या नादाने मला ओळखता येतात. पण मातकटातही निवड असते आणि तिच्यासाठी आरशापुढे उभं राहून हनुवटी वर करायची असते, हे नवीन होतं. लेक म्हणाली, "गव्हाळ रंगाला मध उठून दिसतो. स्टोनमध्ये तू आजारी दिसतोस." नेव्हीत मी बँकेच्या वसुली विभागातला दिसत होतो. तिथे मी अकरा वर्षं काढली आहेत. काळ्यात मी जुन्या सिनेमातला, पहिल्या अर्ध्या तासात मरणारा गुप्तहेर दिसत होतो.

आता माप. कोटाचा नंबर म्हणजे छातीचे इंच, आणि पुढे एक अक्षर. शॉर्ट, रेग्युलर किंवा लाँग, हे उंचीचं. माझी छाती चाळीस भरली. बाईंनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिलं. वास्तविक हा प्रवास लहानच आहे. मग निकाल दिला, "फॉर्टी शॉर्ट." इतक्या गोड आवाजात मला बुटका कुणी म्हटलं नव्हतं. एका कोटाच्या लेबलवर तर पन्नास लिहिलेलं. मी हबकलो. तेही चाळीसच निघालं. युरोपात छातीचे सेंटिमीटर मोजून निम्मे करतात. शंभराचे पन्नास. मधे नुसती इंग्लिश खाडी ओलांडली की माणसाची छाती दहा नंबरांनी फुगते.

चाळीस नंबर घातला. छातीवर बसला. खाली पोटाने हरकत घेतली. चव्वेचाळीस घातला, तर मी तंबूच्या दारातून बाहेर पाहणाऱ्या वारकऱ्यासारखा दिसू लागलो. मग बेचाळीस. "स्वेटर घालून बघ," लेक म्हणाली. "कोट शर्टावर बसला तर तो थंडीत बसत नाही. हात पुढे घेऊन मिठी मारल्यासारखं कर. पाठीत ओढतोय? आता हात वर कर."

मी खाका वर केल्या. मराठी माणूस हे साधारणपणे हिशेब मागितल्यावर करतो. मापासाठी करण्याची माझी पहिलीच वेळ. पण कोट कुठे ताणला नाही. कारण त्याची बाही खांद्याच्या गोलावर जोडलेली नव्हती, ती सरळ गळ्यापासून निघाली होती. याला रॅगलन बाही म्हणतात. वॉटर्लूच्या लढाईत उजवा हात गमावलेल्या लॉर्ड रॅगलनचं नाव तिला आहे. खांद्याला शिवणच नाही, त्यामुळे खाकेत जागा ऐसपैस.

आणि तिथे, हात वर असतानाच, माझ्या डोक्यात उजेड पडला. या कोटाचा मूळ रंग खाकी. खाक म्हणजे फारसीत धूळ, माती. १८४६ साली पेशावरला हॅरी लम्सडेनने गाइड्स नावाची पलटण उभी केली. तिने लाल-पांढऱ्या भपकेबाज गणवेशांऐवजी मातीत मिसळणारे कपडे घातले आणि पुढे साऱ्या ब्रिटिश फौजेने तो रंग उचलला. कोटाचा रंग एका खाकेवरून ठरलेला आणि माप दुसऱ्या खाकेवरून. दोन्ही खाका आमच्याच भाषेत, आणि मी तिथे परीक्षार्थ्यासारखा उभा!

"आजीला विचारूया," लेक म्हणाली आणि तिने व्हिडिओ कॉल लावला. कराडात संध्याकाळचे साडेसात वाजले होते. आई मालिका पाहत होती. मालिका बंद न करता तिने फोन डोळ्यांपाशी नेला. आम्हाला तिचं कपाळ दिसत होतं.

"काळा नको. धूळ दिसेल," कपाळ म्हणालं. "निळा विटतो. तो पांढुरका तर अजिबात नको, एका दिवसात गळपट्टी काळी होईल. तो मातकट आहे ना, तो घे. मळखाऊ आहे."

"आजी, याला हनी म्हणतात."

"म्हणू देत. स्वेटरवर बसतो का?"

"बसतो," मी म्हणालो. "बेचाळीस नंबर."

"मग चव्वेचाळीस घे."

"आई, मी एकसष्टचा आहे. अंग आता वाढायचं नाही."

"पोट वाढतंय की."

लेक भिंतीकडे तोंड करून हसत होती. बाईंना मराठी येत नव्हतं, पण बेचाळीस नंबर त्यांनी गुपचूप परत दांडीवर टांगला. आवाजाची ही पट्टी बहुधा यॉर्कशरमध्येही असते. पस्तीस पौंडांत मी मळखाऊ रंगाचा, वाढत्या अंगाचा कोट घेऊन बाहेर पडलो.

एक मात्र कबूल करायला हवं. पट्टा आवळल्यावर तो तंबू राहिला नाही. पट्ट्याचं बकल लावायचं नाही, नुसती गाठ मारायची, हे लेकीने शिकवलं. धोतर नेसणाऱ्यांच्या वंशजाला ते जड गेलं नाही. दहा बटणं, खांद्यांवर पट्ट्या, उजव्या छातीवर पावसाचं पाणी ओघळून जावं म्हणून जादा कापड, पट्ट्याला पितळी कड्या. त्यांत नकाशाची पिशवी वगैरे अडकवत. मी एका कडीत किल्ल्या अडकवल्या आणि आठवडाभर चालताना बैलासारखा वाजत होतो. जगभरच्या फॅशनवाल्यांनी शंभरेक वर्षं खपून जे 'क्लासिक' ठरवलं, ते शेवटी काय? चिखल दिसणार नाही असा रंग आणि आत स्वेटर मावेल असं माप. शिंपीकाकांच्या दुकानात उभं राहून आई हेच तर सांगत होती. तिला फक्त कुणी दीड हजार पौंड दिले नाहीत.

पुण्याला परत आलो. डिसेंबरात एका पहाटे मोठ्या ऐटीत कोट घालून फिरायला निघालो, तर गेटवरचा वॉचमन ताडकन उभा राहिला आणि त्याने सलाम ठोकला. मी सुखावलो. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही पोलिसात होता? कधी बोलला नाहीत." दुसऱ्या दिवसापासून मी शाल घेऊन जाऊ लागलो.

वाचकांपैकी कुणी असा कोट घेणार असेल, तर माझं ऐकावं. स्वेटर घालूनच दुकानात जावं. खाका वर करून पाहाव्यात. बाही मनगटाच्या हाडावर यावी आणि कोटाची कड गुडघ्याच्या आसपास. आपल्या जुलैत मात्र त्याच्या भरवशावर राहू नये. गॅबर्डीन इंग्लंडातल्या भुरभुरीला पुरतं, कराडच्या धारांना छत्रीच लागते. आणि रंगाबद्दल शंका आली, तर घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईला फोन करावा.

नाताळच्या सुट्टीत कोट आईला दाखवायला नेला. तिने तो मांडीवर घेतला. पट्ट्या, कड्या, बटणं यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. थेट खालची कड उलटवली, अंगठ्याने चाचपली आणि तिचा चेहरा उजळला. "आत दोन इंच कापड ठेवलंय रे," ती म्हणाली. "शहाणी माणसं आहेत."

कोट सध्या तिच्याकडेच आहे. ती सत्त्याऐंशीची झाली. अंग आटत चाललंय. पहाटे दूधवाल्याची घंटी वाजली की नऊवारीवर चव्वेचाळीस नंबरचा ट्रेंच कोट चढवून ती फाटकापर्यंत जाते. बाह्या दोनदा दुमडाव्या लागतात. "सैल होतो ना गं?" मी विचारलं. म्हणाली, "असू दे. सैलच बरा."