निपाणी स्थानकावरील साक्षरता

पुणे-बेंगळुरू महामार्गाने कोल्हापूर सोडून दक्षिणेकडे निघालेल्या मराठी प्रवाशाच्या ज्ञानाचे दोन भाग पडतात : एक कागलपर्यंतचे आणि दुसरे कागल ओलांडल्यानंतरचे. पहिल्या भागात त्याला सर्वच ठाऊक असते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले, महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी पण बेळगाव म्हैसूरकडेच ठेवावे असे सुचवले, २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, सीमावादाचा हा सारा इतिहास तो शेजारच्या गृहस्थाला, त्याने विचारलेला नसतानाही, सविस्तर ऐकवतो. आणि तो गृहस्थ निपाणीचाच असल्यामुळे, म्हणजे हा इतिहास जन्मापासून भोगत आलेला असल्यामुळे, ‘होय की’ एवढेच म्हणून खिडकीबाहेर पाहू लागतो.

कोगनोळीचा टोलनाका मागे पडला की ज्ञानाचा दुसरा भाग सुरू होतो. दुकानांच्या आणि गाड्यांच्या पाट्यांवर कन्नड अक्षरे दिसू लागतात आणि दोन पदव्या पदरी असलेला प्रवासी टोलची पावती फाटायच्या आत निरक्षर होतो. या आपत्तीवर त्याचा पहिला उपाय विनोदाचा असतो : ही अक्षरे म्हणजे जिलब्या, असे तो जाहीर करतो. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या ब्राह्मीच्याच कुळातल्या आहेत, हे त्याच्या गावी नसते.

निपाणी ही तंबाखूची आणि विडीची पेठ. येथे राज्यांच्या हद्दीविषयीच्या त्याच्या कल्पनांनाही धक्का बसतो, कारण ज्या देवचंद महाविद्यालयाला सारा परिसर निपाणीचे म्हणतो, ते अर्जुननगरात, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात आहे. त्यामुळे निपाणीचा विद्यार्थी सकाळी तास बुडू नये म्हणून परराज्यात जातो आणि दुपारी जेवायला स्वराज्यात परततो. त्याला यात विशेष काही वाटत नाही. विशेष वाटते ते प्रवाशाला, आणि तो नकाशा उघडतो.

निपाणी स्थानकावर मात्र नकाशा उपयोगी पडत नाही. बेळगावची गाडी कोणती, हे कोणालाही विचारता येते आणि उत्तर मराठीत मिळते. परंतु विचारणे म्हणजे आपल्याला वाचता येत नाही अशी भर स्थानकात कबुली देणे, हे सुशिक्षित मनाला मानवत नाही. म्हणून प्रवासी अनुमानाचा, म्हणजे दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणारी गोष्ट ठरवण्याच्या पद्धतीचा, आश्रय घेतो : जिथे गर्दी जास्त, ती गाडी मोठ्या गावची. त्याच वेळी बोचके सांभाळत आलेली एक आजी, जिने शाळेचे तोंडही पाहिलेले नसते, ‘ही बेळगावची काय रे बाळा?’ असे तिघांना खणखणीत आवाजात विचारून, तिघांचीही उत्तरे ताडून, योग्य गाडीत खिडकीची जागा पटकावते. प्रवासी दुसऱ्या गाडीत चढतो. वाहक तिकिटाचे विचारतो, प्रवासी भारदस्तपणे ‘बेळगाव’ म्हणतो, आणि सगळी गाडी वळून त्याच्याकडे पाहते. ‘ही चिकोडीची हाय की,’ वाहक सांगतो, आणि घंटी वाजवतो.

स्थानकापर्यंतच्या परतीच्या पायपिटीत एक शेतकरी त्याला गाडीवरच्या पाटीचे मर्म सांगतो. कन्नडमध्ये जोडाक्षरातले दुसरे व्यंजन पहिल्याच्या पायाशी लहान आकारात लिहितात, त्यास ओत्तक्षर म्हणतात, ‘चिक्कोडी’ या कन्नड नावात ते आहे, ‘बेळगावी’त नाही, शिवाय पहिले नाव तीन अक्षरांचे, दुसरे चार. म्हणजे लिपी येत नसली तरी मोजता येत असेल तर माणूस पोहोचू शकतो; अट एवढीच, की लिपी येत नाही हे आधी मान्य करावे लागते.

या अटीचे फळ बेळगाव जिल्ह्याने एकदा फार मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. गुर्लहोसूरला १८६९ मध्ये जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले, आणि त्यांना रंगांधत्व, म्हणजे काही रंगांतला भेद न ओळखू येणे, असल्याचे तेथे उघड झाले. चित्रकाराला याहून मोठी अडचण कोणती? त्यांनी जन्मभर डोळ्यांशी भांडण न मांडता यांत्रिक रेखांकन धरले, कारण यंत्राच्या भागांची मापाबरहुकूम आकृती काढायला रेघ सरळ लागते, रंग लागत नाही. पुढे बेळगावात सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर असे करत, आणि नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी जागा हवी झाल्यावर तीही सोडून, १९१० मध्ये त्यांनी औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी उभी केली.

प्रवासी संध्याकाळी बेळगावात पोहोचतो तो हा धडा घेऊनच, पण तो त्याच्या अंगी मुरायला वेळ लागतो. पु. ल. देशपांडे यांचे ‘रावसाहेब’ हे एका बेळगावकराचे व्यक्तिचित्र पाठ असल्याने भेटेल तो बेळगावकर तसाच बोलेल, अशी त्याची खात्री असते. दूध आणि खवा साखरेसह तपकिरी होईपर्यंत आटवून केलेला, दाणेदार, किंचित करपल्या चवीचा कुंदा तो मागवतो, पहिल्याच घासाला पाव किलो संपवण्याची घोषणा करतो आणि तिसऱ्या घासाला पाण्याचा पेला जवळ ओढतो. मध्यंतरी वाढणाऱ्या पोराच्या मराठीतली लिंगे तो दोनदा दुरुस्त करतो. पोरगा रागावत नाही. तो एका टेबलाशी कन्नड, दुसऱ्याशी मराठी आणि तिसऱ्याशी दखनी उर्दू बोलत असतो, प्रत्येकीत कुठे अडखळतो ते त्याला पक्के माहीत असते, आणि अडले की तो गिऱ्हाईकालाच शब्द विचारून पुढे जातो. स्वतःची उणीव ओळखणारा आणि दुसऱ्याची ओळखणारा यांतला फरक त्या टेबलावर स्पष्ट होतो : एकाकडे तीन भाषा जमल्या आहेत, दुसऱ्याकडे उरलेला कुंदा.