नीतीचे चार क्रेडिट

न्यूयॉर्कात मुरलेल्या वकिलालाही दर दोन वर्षांनी २४ क्रेडिटचं शिक्षण घ्यावं लागतं. त्यांतली किमान ४ नीतीची. नुसती नियमावली वाचली तर वर्ग घोरेल. मग लावा १९९२चा चित्रपट 'माय कझिन व्हिनी'! खुनाचा खटला, आणि वकील व्हिनी न्यायाधीशांना दुसऱ्याच नामांकित वकिलाचं नाव स्वतःचं म्हणून सांगतो. तो वकील वारलेला निघाल्यावर एक अक्षर बदलून तिसरंच नाव पुढे करतो. वर्ग खदखदून हसतो. एवढ्यात नीती अंगी लागली असं समजायचं.

पुढचा धडा 'बेटर कॉल सॉल' ही मालिका. तिच्यातला वकील जिमी, म्हणजेच पुढचा सॉल, जाहिरातीच्या फलकावरून ठरवून माणूस लटकवतो, कॅमेऱ्यासमोर स्वतःच वाचवतो, आणि ऑफिसातला फोन खणखणू लागतो. इथे वकीलमंडळी वहीत भराभरा काहीतरी टिपून घेतात. नियमच असावेत.

आपल्याकडे सॉल निरुपयोगी. बार कौन्सिलचा ३६वा नियम जाहिरातच करू देत नाही, पाटीसुद्धा माफक आकाराची हवी. आपला गुरू म्हणजे 'दामिनी' चित्रपटातला वकील गोविंद. तारखांवरून कोर्टात त्याच्यासारखं गरजायला सगळे वकील तयार असतात. फक्त गरजून झालं की पुढची तारीख तेवढी मागून घेतात.