आपल्या जमिनीत कॉफी होईल का? नवशिक्यांसाठी पाच पायऱ्या

तुमच्याकडे पाच एकर जमीन, उत्साही मेहुणा आणि त्याच्या चिकमगळूर सहलीचे फोटो आहेत, असं गृहीत धरतो. माती पारखायला यातली जमीनच तेवढी पुरते. मेहुणा खणायला लावावा.

पायरी १ : रंगावर भाळू नका. 'माती लाल आहे, म्हणजे झालंच' असं मेहुणा म्हणेल. कोडगूची माती लाल असते हे खरं, पण लाल मुरूमही असतो. टिकाव मारा. तीन फुटांपर्यंत भुसभुशीत माती लागली तर पुढे चला. फुटावरच खण्ण आवाज आला तर तिथे घर बांधा, पाया पक्का मिळेल.

पायरी २ : नमुना घ्या. पालापाचोळा बाजूला सारून व्ही आकाराचा नऊ इंच खोल खड्डा करा आणि त्याच्या कडेची माती वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीने तासा. अशा दहा-पंधरा ठिकाणची माती कालवा, ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. उकिरड्याजवळची माती घेऊ नका. ती फार छान दिसते, म्हणूनच. पिशवी कापडी हवी. खताच्या रिकाम्या गोणीत नमुना नेलात तर अहवाल गोणीचा येतो.

पायरी ३ : निचरा पाहा. कॉफीच्या मुळांना ओल हवी, पण साचलेलं पाणी चालत नाही. खड्डा पाण्याने भरा, जिरला की पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल आणि काठावर बेडूक बसला असेल, तर निकाल लागला.

पायरी ४ : सामू तपासा. कॉफीला किंचित आम्लधर्मी माती मानवते, सामू ६ ते ६.५. आपली काळी भारी जमीन बहुधा ७.५ च्या पुढे. चिमूटभर मातीवर व्हिनेगर टाका. फसफसलं की समजा चुनखडी आहे. चुनखडीच्या जमिनीत लोह असून मुळांना मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. 'गंधक टाकू' असं मेहुणा सुचवेल. पाच एकरांतला चुना गंधकाने मारायचा खर्च त्यालाच काढायला सांगा. तेवढ्यात दोन्ही घरांना जन्मभर कॉफी विकत पिता येईल.

पायरी ५ : मान वर करा. माती पास झाली तरी अरेबिकाला साधारण १००० ते १५०० मीटर उंची, वर्षाला १६०० ते २५०० मिलिमीटर पाऊस, मार्च-एप्रिलात फुलोऱ्यापुरत्या सरी आणि डोक्यावर सावली लागते. रोबस्टा थोड्या खालीही येते. मेळघाटात चिखलदऱ्याला कॉफी होते, कारण ते गाव हजार मीटरच्या वर आहे. सावलीला पांगारा लावता येईल. उंची मात्र अर्ज करून वाढत नाही.

निकाल : जमीन काळी, सपाट, चुनखडीची निघाली तर तिला नापास म्हणू नका. तूर लावा किंवा हरभरा घ्या. याच मातीत ती पिकं पिढ्यान् पिढ्या पिकली आहेत. अहवाल जपून ठेवा आणि खड्डेही बुजवू नका. पुढच्या वर्षी मेहुणा ॲव्होकॅडोचे फोटो घेऊन येईल.