प्रस्तावित गोंगाट

मुंबईचे पैसेवाले शांतता विकत घ्यायला भाऊच्या धक्क्यावर रो-रो बोटीत गाडी चढवतात आणि मांडव्याला उतरतात. त्याच वेळी चौल-रेवदंड्याची पोरं सुपारीच्या वाडीचा एखादा तुकडा काढून खारघरला फ्लॅट बघायला निघतात. दलाल दोघांनाही एकच वाक्य ऐकवतो: आत्ता घ्या, नंतर परवडणार नाही. आमचा भाचा दुसऱ्या गटातला. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. "मामा, टू-बीएचके मिळतोय. फुटबॉल स्टेडियमपासून दहा मिनिटं. आवाजाचा त्रास होईल का हो?"

"कुठल्या स्टेडियमचा?"

"होणार आहे ना, त्याचा."

न झालेल्या स्टेडियमचा त्रास कानाला होत नाही, खिशाला होतो. पण एवढ्यावर भाचे ऐकत असते तर सदरं लिहायची वेळच आली नसती.

आमच्या या टोकाला स्टेडियमशेजारी राहायची हौस असेल तर दोन ठिकाणं आहेत. एक नेरूळला. ते ठाणे जिल्ह्यात. बेलापूर संपलं की आमचा रायगड सुरू होतो. तिथलं डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियम २००८च्या मार्चपासून उभं आहे, हाताने चाचपून बघता येतं. दुसरं पनवेल तालुक्यात, खारघरला. सिडकोने तिथे फुटबॉलसाठी ‘सेंटर ऑफ एक्सलन्स’ आखलं. आधी सरावाची मैदानं आणि मग चाळीस हजार प्रेक्षकांचं स्टेडियम, असा बेत. मैदानांवर हिरवळ आली. चाळीस हजारांचं स्टेडियम बिल्डरांच्या माहितीपत्रकात मात्र कधीच बांधून झालंय. दिवे लागलेत, खुर्च्या भरल्यात, वर फटाकेसुद्धा उडतायत.

आधी नेरूळचं बघू, कारण त्याला इतिहास आहे. हफीज कॉन्ट्रॅक्टरांनी आखलेलं, पंचावन्न हजारांच्या आसपास माणूस मावणारं हे स्टेडियम. फुटबॉलचं की क्रिकेटचं, हे शेजाऱ्यांनाही अजून नीट सांगता येत नाही. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा मुंबई सिटी एफसीचं घरचं मैदान हेच होतं. निकोलस आनेल्का नेरूळला खेळला, हे आज सांगितलं तर लोक थापा समजतात. दोन हंगाम झाले आणि २०१६ला संघ अंधेरीच्या लहानशा मैदानावर निघून गेला. म्हणजे ज्याने ‘घरच्या टीमशेजारी घर’ म्हणून फ्लॅट घेतला असेल, त्याचं घर राहिलं आणि टीम गेली. भाडेकरू तरी महिन्याची नोटीस देतो.

पुढे २०१७ला सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक आला. स्पेनने मालीला उपांत्य फेरीत ३-१ने हरवलं ते इथेच. २०२२ला महिलांचा आशिया चषक आला. त्यात यजमान भारताचा संघच कोरोनाने झोपवला. चायनीज तैपेईविरुद्धचा सामना झालाच नाही आणि आपण स्पर्धेबाहेर. अंतिम सामन्यात चीनने ०-२ अशा पिछाडीवरून कोरियाला ३-२ने हरवलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना, स्पेन १, कोलंबिया ०. हे सगळं जागतिक दर्जाचं फुटबॉल लोकलने जाऊन बघता येत होतं. पण तुम्ही शेजारपाजारी विचारा, त्यांना आठवतो तो २०१७चा जस्टिन बीबर आणि जानेवारी २०२५च्या कोल्डप्लेच्या तीन रात्री. आपल्याकडे फुटबॉल स्टेडियम म्हणजे क्रिकेटवाले आणि गाणारे मोकळे नसतील तेव्हा जिथे फुटबॉल होतो ती जागा.

आता आवाजाचं. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. नियम चोख आहे. पण तो लाउडस्पीकरला. पंचावन्न हजार घशांना कुठलं कलम लावायचं? २ नोव्हेंबर २०२५ला महिला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना नेरूळला होता. तीनचा सामना पावसामुळे पाचला सुरू झाला. दक्षिण आफ्रिकेची शेवटची जोडी, दीप्ती शर्माचा चेंडू, हरमनप्रीतने मागे पळत घेतलेला झेल, आणि भारत ५२ धावांनी जिंकला तेव्हा घड्याळाचे दोन्ही काटे बारावर आले होते. त्या रात्री तक्रार करायला कुणी पोलिसांत फोन लावला असता, तर पलीकडूनही ओरडल्याचाच आवाज आला असता.

म्हणून मी भाच्याला म्हटलं, आवाजाला घाबरू नकोस. तू आगरी-कोळ्यांच्या पट्ट्यात वाढलायस. एप्रिल-मे महिन्यांत हळदीच्या रात्री डीजे लागतो तेव्हा चुलीवरची भांडी आपोआप सरकतात. त्यात वरून टेनिस क्रिकेटच्या स्पर्धा. भाताच्या मोकळ्या खाचरात खेळपट्टी, मांडवात समालोचक, आणि षटकार गेला की चार गावांना बातमी. तिथे झोपलेला माणूस नेरूळला जागा राहायचा नाही. शिवाय हळदीला बोलावणं असतं म्हणून तिथे तक्रारही करता येत नाही. स्टेडियमचं बरं आहे, तिकीट आपल्याला परवडत नाही, त्यामुळे चिडायला मोकळे.

आयपीएलचं मात्र गृहीत धरू नये. २०२२ला कोरोनामुळे सगळे साखळी सामने मुंबई-पुण्यात घेतले, तेव्हा एकट्या डी. वाय. पाटीलवर वीस झाले. दोन महिन्यांत वीस संध्याकाळी! त्या हंगामात ज्याने घर घेतलं त्याला वाटलं असेल, आयुष्य असंच जाणार. आणि ज्याने श्रावणातल्या एखाद्या मंगळवारी दुपारी बघून घेतलं, त्याला वाटलं असेल ही ध्यानधारणेची जागा. दोघेही फसले. दलाल घर कधी दाखवतो ते बघा. त्याच्या डायरीत सामन्याचं वेळापत्रक असतं, तुमच्याकडे नसतं.

खरा त्रास वेगळाच, आणि तो कुठल्याच डेसिबलमध्ये मोजत नाहीत. सामन्याच्या दिवशी रस्त्यावर बॅरिकेड लागतात आणि स्वतःच्या घरी जायला स्वतःचं ओळखपत्र दाखवावं लागतं. सोसायटीच्या फाटकासमोर कुणाची तरी गाडी उभी राहते, मालक आत तिसऱ्या मजल्यावर आरोळ्या ठोकतोय. आणि त्याहून वाईट म्हणजे नातेवाईक. दहा वर्षांत तोंड न दाखवलेला चुलतभाऊ दुपारी दोनला फोन करतो, "अरे, तुझ्याकडे गाडी लावू का?" गाडीमागून तो येतो, त्यामागून त्याचे साडू. पोहे होतात, चहा होतो. मग जाता जाता हळूच विचारणा: "तू इतका जवळ राहतोस, तुला पास मिळत असतील ना?" स्टेडियमच्या शेजाऱ्याला पास मिळतो, ही महाराष्ट्रातली फार जुनी श्रद्धा आहे. धरणाशेजारी राहणाऱ्याला पाणी मिळतं, तशीच.

पाण्यावरून आठवलं. खारघरच्या सोसायट्यांत उन्हाळ्यात स्टेडियमपेक्षा टँकरची चर्चा जास्त असते. पेण तालुक्यातल्या हेटवण्याचं पाणी इकडे आणायचं, आणि इमारती मात्र हेटवण्याला न विचारता वाढवायच्या. चाळीस हजार माणसं एका संध्याकाळी आत बसली की त्यांनाही पाणी लागेल, इतर सोयीही लागतील. माहितीपत्रकातल्या चित्रात एकही माणूस लघवीच्या रांगेत उभा दाखवत नाहीत.

भाचा म्हणाला, "पण मामा, स्टेडियम झालं की भाव वाढणार ना?"

भाव वाढणार नाही, तो वाढलाय. तू जो दर देतोयस त्यात स्टेडियम आधीच धरलंय, मेट्रो धरलीय, विमानतळ धरलाय, शेजारचा गोल्फ कोर्सही धरलाय. तू गोल्फ खेळतोस का? तरी त्याचे पैसे देणार आहेस.

इथे तारखा बघायच्या असतात. नवी मुंबई मेट्रोची बेलापूर-पेंधर मार्गिका, अकरा किलोमीटर. काम २०११च्या मे महिन्यात सुरू झालं, गाडी नोव्हेंबर २०२३ला धावली. ‘मेट्रो आलीच’ म्हणून २०११ला ज्याने तळोजा-खारघरला घर घेतलं, त्याचं बालवाडीतलं पोर बारावीला बसलं तेव्हा मेट्रो दारात आली. विमानतळाचा विषय निघाला १९९७ साली, भूमिपूजन २०१८ला, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला आणि विमानं उडाली त्या डिसेंबरात. तोवर उलव्याचे दलाल दोन पिढ्या त्याच एका विमानतळावर जेवले. मेट्रो आली, विमानतळ आला, हे मान्य. सिडको आणतेच. फक्त गृहकर्जाची मुदत वीस वर्षं असते, आणि हप्ता पहिल्या महिन्यापासून.

बाहेरच्या देशांत लोक स्टेडियमला चिकटून राहतात, हे खरं. स्वित्झर्लंडमध्ये बासेलला झांक्ट याकोब पार्क नावाचं स्टेडियम २००१ला नव्याने बांधलं, त्याच्या इमारतीतच ज्येष्ठांसाठी घरं आहेत. लंडनच्या आर्सेनलने २००६ला हायबरी सोडलं, तेव्हा त्या जुन्या स्टेडियमच्या गॅलऱ्यांत फ्लॅट केले आणि मैदानाची बाग केली. त्यांच्याकडे स्टेडियम संपल्यावर फ्लॅट विकले. आपल्याकडे फ्लॅट संपल्यावर स्टेडियम बांधायचं ठरतंय.

कायदा म्हणाल तर आहे. रेराच्या बाराव्या कलमानुसार जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून पैसे भरले असतील, तर व्याजासकट परत मागता येतात. तेराव्या कलमानुसार नोंदणीकृत करार करण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. पण माहितीपत्रक छापणारा तुमच्या-माझ्याइतका भोळा नसतो. तळाशी मुंगीच्या अक्षरात ‘कलाकाराची कल्पना’ असं असतं, आणि स्टेडियमवर ‘प्रस्तावित’. तरणतलाव त्याने कबूल केला तर तो त्याला बांधावा लागेल. स्टेडियम त्याचं नाहीच, सिडकोचं. तो फक्त तुम्हाला बोटाने दाखवतो. बोट दाखवायचे चौरस फुटाला जादा पैसे.

तेव्हा भाच्याला मी जी कागदपत्रं बघायला सांगितली त्यांत फुटबॉल कुठेच नव्हता. जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावरची की जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांना परत मिळालेला साडेबारा टक्क्यांचा प्लॉट. साडेबारा टक्क्यांचा असेल तर मूळ वारसांपैकी सगळ्यांच्या सह्या आहेत का. पुढे विकायचं झालं तर सिडकोचं हस्तांतरण शुल्क किती. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं का. तयार फ्लॅट असेल तर पनवेल महापालिकेच्या मालमत्ता कराची मागची पावती आहे की ‘ते बघू नंतर’. इथे महापालिका २०१६ला झाली, कर मागाहून मागायला लागली आणि लोक म्हणाले त्या वर्षांची सेवा तर सिडको देत होती. त्या भांडणाची थकबाकी नव्या मालकाच्या गळ्यात येऊ शकते. आणि हो, ज्या जमिनीवर हे सेक्टर उभे आहेत ती कुणाची होती, तेही एकदा वाचून ठेव म्हटलं. १९८४च्या जानेवारीत उरण तालुक्यात सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटलांनी चालवलेल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, त्यानंतर साडेबारा टक्क्यांची योजना आली. साडेबारा टक्के म्हटलं की दलालाला फक्त प्लॉट दिसतो.

त्याला मी एक सरळ मतही दिलं. स्टेडियमशेजारी राहायचंच असेल तर झालेल्या स्टेडियमशेजारी राहा. नेरूळला जुन्या इमारतीत वन-बीएचके घे, खोल्या एकने कमी. पण त्रास किती ते एका सामन्याच्या रात्री तिथे उभं राहून कळेल. आवाज, दिवे, बॅरिकेड, साडू, सगळं समोर. न झालेल्या स्टेडियमचा त्रास आजमावता येत नाही, त्याचा फायदाही आजमावता येत नाही, आणि दर दोन्हींचा लागतो.

त्याला ते पटलं नाही. टू-बीएचकेच्या किमतीत पडणाऱ्या वन-बीएचकेचा सल्ला कुठल्या भाच्याला पटलाय? रविवारी दोघं नवरा-बायको पुन्हा खारघरला गेले. सॅम्पल फ्लॅट बघून झाला, बाल्कनीतून बोटही दाखवून झालं. सूनबाई पोयनाडच्या बाजारात माप धरून वांगी घेणारी. तिने ऑफिसातल्या मुलाला सरळ विचारलं, "दादा, पाच वर्षांत स्टेडियम झालं नाही तर चौरस फुटाला किती परत द्याल? तेवढं करारात लिहा, आम्ही आजच टोकन देतो."

तो साहेबांना विचारून येतो म्हणाला आणि जाताना दोघांसाठी चहा सांगून गेला. चहा आला.