हातापाया पडून शिकायची सायकल

आपल्याला सायकल येते, असा तुमचा समज असेल तर तो घरी खुंटीला टांगून या. इथे त्याचा उपयोग नाही, अडथळाच होईल.

शिकायची आहे ती आडवी सायकल. कागदोपत्री तिला रिकंबंट म्हणतात. आरामखुर्चीत बसावं तसं रेलायचं, पाय पुढे पसरायचे आणि पेडल मारायचं, इतकंच. इतकंच असतं तर हा पाठ लिहावा लागला नसता. आपली सायकल पुढच्या चाकावर चालणारी आहे. पेडल, चेन, गिअर, पुढचं चाक आणि हँडल असा सगळा संसार एकाच सांगाड्यावर बसवलेला, त्यामुळे हँडल वळलं की पेडलंही वळतात. त्याची दुसरी बाजू विक्रेता सांगत नाही: पेडलला रेटा दिला की हँडलही वळतं. उजव्या पायाने जोर लावलात तर चाक डावीकडे जाऊ पाहतं, डाव्याने लावलात तर उजवीकडे. जन्मभर गुमान राबलेले पाय अचानक दिशा ठरवायला लागतात.

सरावाला जागा हवी रुंद, मोकळी आणि किंचित उताराची. छत्रपती संभाजीनगरात असाल तर विद्यापीठात पहाटे जा, लेण्यांकडून खाली येणारा रस्ता चांगला आहे. पेडलला पाय लावायचे नाहीत. जमिनीला पाय टेकवत टेकवत उतारावर सोडून द्या आणि फक्त हातांनी सांभाळा. ते जमलं की पाय पेडलवर नुसते ठेवा, फिरवू नका. मग हलका गिअर टाकून पाय भरभर फिरवा. जड गिअरवर रेटा मोठा, म्हणून नागमोडही मोठी. बुटांना अडकणारी पेडलं तूर्त विसरा; पडताना पाय मोकळे हवेत, आणि तुम्ही पडणार आहात.

मर्म एवढंच की जो पाय रेटतो, त्याच बाजूच्या हाताने हँडल किंचित आपल्याकडे ओढायचं. हे वाचून कळतं, पण चालवताना आठवलंत की संपलं. हात घट्ट आवळू नका. नजर लांब रस्त्यावर ठेवा. फिरणारे पाय नेमके डोळ्यांसमोरच असतात. त्यांच्याकडे पाहायचं नाही.

मॉर्निंग वॉकवाले थांबतील. ‘काका, पाठीचा त्रास आहे का?’ हा पहिला प्रश्न. ‘भाई, बॅटरी की है क्या?’ हा दुसरा. ‘ॲव्हरेज किती देते?’ हा तिसरा. वाळूजला बजाजचा कारखाना असलेल्या गावात तो येणारच. उत्तर द्यायला मान वळवू नका. मानेमागून हात जातो, हातामागून चाक.

कोणी ‘खेळणं आहे’ म्हणालं तर त्याला पॅरिसला पाठवा. १९३३ साली फ्रान्सिस फॉर या दुय्यम समजल्या जाणाऱ्या फ्रेंच शर्यतपटूने शार्ल मोशेच्या आडव्या सायकलवर तासाभरात ४५ किलोमीटरहून जास्त अंतर कापून १९१४ पासूनचा विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने अशा सायकली शर्यतींतून बाद केल्या. मोशेची ती सायकल मागच्या चाकावर चालणारी होती, हे मात्र त्याला सांगू नका.

आता जालना रोड. क्रांती चौकाच्या सिग्नलला थांबण्याआधीच गिअर हलका करा. थांबल्यावर गिअर बदलत नाही. पेडलचा पहिला अर्धा फेरा सगळ्यात वाईट, कारण वेग शून्य आणि रेटा पुरेपूर. त्यातच मागचा रिक्षावाला हिरवा लागण्याआधी हॉर्न मारेल. त्याची घाई तुमच्या पायात उतरू देऊ नका. स्पीडब्रेकरवर एरवी आपण सीटवरून उठतो, इथे ती सोय नाही. जे काही असेल ते पाठीला कळतं.

पंक्चर मागच्या चाकाचं व्हावं, अशी प्रार्थना करा. ते चाक नुसतं चाक आहे, चटकन निघतं. पुढचं पंक्चर झालं तर दुकानदार सवयीने आधी मागे चेन शोधेल, मग पुढे सापडलेल्या गिअरकडे आणि तुमच्याकडे आळीपाळीने पाहील. त्याला समजावत बसू नका. चाक स्वतः काढा आणि फक्त ट्यूब त्याच्या हातात द्या.

हात सरावले की वेरूळ. दौलताबादच्या दिल्ली दरवाजाची कमान अरुंद आहे, तिथे बस मागे असताना नागमोड परवडत नाही. बसला आधी जाऊ द्या, इतिहास पाहत उभे राहा. पुढे घाट लागतो. चढावर वजन मागे सरकतं, पुढचं चाक हलकं होतं आणि ओल्या किंवा खडीच्या रस्त्यावर जागच्या जागी फिरतं. पाठ सीटवरून सोडवून पुढे झुका आणि पेडल एकसारखं मारा. तरीही फिरलं तर उतरा. ढकलताना हँडल सोडू नका. सोडलंत की पुढचा सांगाडा मान टाकतो आणि पेडल नडगीवर बसतं. वेरूळला निघालेले पर्यटक गाडी थांबवून फोटो मागतील. त्यांना एक मिनिट थांबायला सांगा, सायकलवर बसा, मगच काढू द्या.