नायकाच्या बापाचं थकीत कर्ज

कोरियन प्रेममालिकेचे काही नियम असतात. भाग सोळा. पाऊस आला की दोघांत छत्री एकच. नायिकेला दारू चढली की नायक तिला पाठुंगळी घेऊन चढाच्या गल्लीतून घरी पोचवणार. सपाट रस्ते चित्रीकरणाला मिळत नसावेत. पहिलं चुंबन साधारण मध्यावर, आणि ते चार कोनांतून चार वेळा, म्हणजे स्वयंपाकघरात कुकर बघायला गेलेल्यांचंही नुकसान होत नाही.

हे सगळं मला भाचीने शिकवलं. ती साताऱ्याहून माझ्याकडे ठाण्याला राहायला आली ती नोकरीसाठी. इंजिनिअर झाली, कॉलेजातूनच एका कंपनीने निवडली, ऑफर लेटर आलं, घरच्यांनी गल्लीत कंदी पेढे वाटले. मग रुजू व्हायची तारीख पुढे गेली. मग आणखी पुढे. कंपनी दर वेळी अतिशय प्रेमळ मेल पाठवते. इतक्या गोड भाषेत होकारही न देणं आणि नकारही न देणं हे मी यापूर्वी फक्त मुलाकडच्यांना जमलेलं पाहिलं होतं. तर या मधल्या काळात भाची माझ्या सोफ्यावर बसून कोरियन मालिका बघते, आणि मी बँकेतून आले की मलाही शेजारी बसवून घेते.

मी बँकेत कर्जवसुली बघते. हे सांगणं भाग आहे, कारण त्यामुळे मालिका बघण्याची माझी दृष्टी जरा बिघडलेली आहे. नायकाने महागडी गाडी आणली की माझ्या मनात पहिला प्रश्न हप्त्याचा येतो. 2017 सालच्या ‘बिकॉज धिस इज माय फर्स्ट लाइफ’मधल्या नायकावर माझा जीव जडला तो त्याच्या रूपामुळे नव्हे. त्याच्या डोक्यावर पुढची तीस वर्षं फेडायचं गृहकर्ज आहे, तो एकेक पैशाचा हिशेब ठेवतो आणि भाडेकरू हवी म्हणून लग्न करतो. “मावशी, हे भयंकर आहे,” भाची म्हणाली. मला त्यात भयंकर काही दिसेना. असे कर्जदार मिळायला पुण्य लागतं.

पण भाचीला खरी भिडली ती ‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’. कोरियात टीव्हीएन वाहिनीवर ती 2022 च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये झाली आणि नेटफ्लिक्समुळे साताऱ्यापर्यंत पोचली. लेखिका क्वोन दो-उन. नायिका ना ही-दो अठरा वर्षांची, शाळेत शिकणारी, तलवारबाजी खेळणारी. ही भूमिका करताना किम ते-री स्वतः एकतीस वर्षांची होती. आपल्या सिनेमात कॉलेजकुमार झालेले जे नट आठवतात, त्यांच्या मानाने हे फारच सभ्य अंतर आहे. शिवाय ती इतकी झकास धावते, पडते आणि तोंड वेडंवाकडं करते की वयाचा दाखला मागायची इच्छा होत नाही. नायक बेक यी-जिन बावीस वर्षांचा. तो सकाळी पेपर टाकतो आणि दिवसा कॉमिक्स भाड्याने देणाऱ्या दुकानात बसतो. दोघांची ओळख होते ती त्याने भिरकावलेल्या पेपराने तिच्या अंगणातल्या शू करणाऱ्या पोराच्या पुतळ्याचा नेमका नको तो भाग तुटतो म्हणून. जगातल्या प्रेमकथांचे जे आरंभ मला ठाऊक आहेत त्यांत याला मी वरचा क्रमांक देईन.

साल 1998. आणि इथे माझ्यातली अधिकारी जागी झाली. आपल्याकडे मालिकेत खलनायिका लागते. ती काकू असो की मोठी जाऊ, भुवया कोरलेल्या हव्यात आणि दाराआडून ऐकण्याची हातोटी हवी. या मालिकेत खलनायिकेच्या जागी आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आहे. गंमत नाही. बड्या उद्योगसमूहांनी वारेमाप कर्जं उचललेली, बँकांनी परदेशातून थोड्या मुदतीचा पैसा आणून तो लांबच्या मुदतीला गुंतवलेला, आणि 1997 च्या अखेरीस परकीय चलनाची गंगाजळी आटली. नोव्हेंबरात दक्षिण कोरियाने नाणेनिधीपुढे हात पसरला. पुढच्या वर्षात अर्थव्यवस्था पाच टक्क्यांहून अधिक आकसली, कारखाने बंद पडले, लाखोंच्या नोकऱ्या गेल्या. तिकडे आजही त्या संकटाला लोक सरळ ‘आयएमएफ’ म्हणतात. लोकांनी काय करावं? घरातलं सोनं काढून दिलं. लग्नाच्या अंगठ्या आल्या, मुलांच्या पहिल्या वाढदिवसाला आलेल्या अंगठ्या आल्या. सुमारे पस्तीस लाख माणसांनी मिळून 227 टन सोनं जमवलं. आपणही 1991 मध्ये सोनं गहाण टाकलं होतं, पण ते रिझर्व्ह बँकेचं, सुमारे 47 टन, आणि ते इंग्लंडला गेल्याचं लोकांना नंतर पेपरात वाचून कळलं. घरोघरच्या पाटल्या मागायचं धाडस आपल्या सरकारने केलं नाही. फार शहाणं सरकार होतं.

या आयएमएफने मालिकेतल्या सगळ्यांचं काही ना काही केलेलं आहे. ही-दोच्या शाळेने खर्च परवडेना म्हणून तलवारबाजीचा संघच मोडीत काढला. तुझं स्वप्न मी हिरावलं नाही, या काळाने हिरावलं, अशा अर्थाचं तिला ऐकवण्यात येतं. अठराव्या वर्षी हे ऐकून दुसरी कुणी रडत बसली असती. ही-दो ठरवते की शेजारच्या शाळेत संघ शिल्लक आहे, तिथे सुवर्णपदकवाली गो यू-रिम आहे, तर तिथे जायचं. मार्ग काय? या शाळेतून हाकललं गेलं पाहिजे. म्हणून ही गुणी मुलगी वाया जायचा मन लावून सराव करते. मारामारीत घुसायला बघते, नाइटक्लबात जाते. वाया जाणं तिला काही केल्या जमत नाही. भाची इथे इतकी हसली की शेजारच्या काकूंनी नोकरी लागली का म्हणून फोन केला.

यी-जिनच्या बापाचं मात्र वेगळं होतं. उद्योगपती, मुलाला लाल गाडी, मुलाला अंतराळाची स्वप्नं, आणि एका झटक्यात कंपनी बुडीत. बाप फरारी. कर्जाचा फास बायको-मुलांच्या गळ्यात पडू नये म्हणून त्याने कागदोपत्री घटस्फोट घेतलेला. भाची हुंदके देत होती आणि मी विचारत होते, “तारण काय दिलं होतं याने?”

“मावशी, तू चुकीच्या माणसासाठी हळहळतेयस.”

“मी कुणासाठीच हळहळत नाही. मी फाइल बघतेय.”

मग तो प्रसंग आला. ज्यांचे पैसे बुडालेत अशी माणसं यी-जिनला गाठतात. तीही बिचारी देशोधडीला लागलेली. द्यायला याच्याजवळ दमडी नाही, म्हणून हा पोरगा वाकून त्यांना सांगतो की मी कधीही सुखी होणार नाही. हेच माझं देणं. वसुलीत इतकी वर्षं घालवली, हप्ते पाडून दिले, व्याज माफ केलं, एकरकमी तडजोडी केल्या; पण ‘सुख जप्त करून घ्या’ असा प्रस्ताव माझ्या टेबलावर कधी आला नाही. कुठल्याही परिपत्रकात बसत नाही. मी चष्मा पुसला. भाचीने टिश्यूचा डबा न बोलता माझ्याकडे सरकवला.

आणि ही-दो त्यावर जो तोडगा काढते तो मला आजवर पाहिलेल्या प्रेमनिवेदनांत सर्वांत व्यवहारी वाटतो. ती म्हणते, ठीक आहे, मग आपण दोघंच असताना गुपचूप सुखी होऊ; त्या लोकांना कळवायचं नाही. मग रात्री शाळेत शिरून दोघं अंगणातल्या नळांची तोंडं वर फिरवून कारंजं करतात आणि भिजतात. शाळेचं पाण्याचं बिल कोण भरणार, हा प्रश्न मी त्या दिवशी विचारला नाही. याची नोंद व्हावी.

आता या वयाची मुलं यात काय बघतात? मी भाचीला विचारलं. मला वाटलं, यी-जिन झालेल्या नाम जू-ह्योकची उंची सांगेल. ती म्हणाली, “यात त्याला कुणी म्हणत नाही की तू कमी पडलास.” एवढंच बोलून ती मोबाइलवर मेल आली का बघायला लागली. मला मुद्दा कळला. आमच्या घरात गेले काही महिने जो येतो तो तिला कौशल्य वाढवायला सांगतो. एकाने जर्मन शिक म्हटलं, एकाने गणपतीला एकवीस जास्वंदी सांगितल्या. कंपनीने कंपनीच्या अडचणीपायी तारीख पुढे ढकलली, ही साधी गोष्ट कुणाला पटत नाही, कारण मग सल्ला कशाचा द्यायचा? मालिकेतली मुलं घरातल्या माणसांच्या आणि काळाच्या उधारीत भरडली जातात. यू-रिमचा ट्रक चालवणारा बाप अपघात करतो आणि भरपाईचे पैसे उभे करायला ती देशाची लाडकी खेळाडू रशियाचं नागरिकत्व घेते. देश तिला गद्दार ठरवतो. आणि ही बातमी फोडणारा बातमीदार कोण? आपला यी-जिन. तोवर त्याला वाहिनीत नोकरी लागलेली असते. मोठं होणं म्हणजे पगार सुरू होणं, असं आम्हाला वाटायचं. या पोराचा पगार सुरू होतो तो मैत्रिणीच्या घराची राखरांगोळी करणाऱ्या बातमीने.

ही-दोची मैत्रीण सुंग-वान हिच्या आईला मात्र माझा साष्टांग नमस्कार. वर्गात पहिली येणारी ही पोरगी, शिक्षक मित्राला बदडतो म्हणून पोलिसांत तक्रार करते, माफी मागायला नकार देते आणि शाळा सोडते, तीही विद्यापीठ प्रवेशाच्या परीक्षेच्या वर्षी. आणि हा त्या परीक्षेचा देश, जिथे इंग्रजी ऐकण्याचा पेपर चालू असताना विमानांची उड्डाणं थांबवतात. आई तरी मुलीच्या बाजूने उभी राहते, आणि जाता जाता त्या शिक्षकाला जे ऐकवायचं ते ऐकवते. हा भाग मी साताऱ्याला बहिणीला बघायला सांगितला. तिने बघितला, आणि जास्वंदीचं विचारायला फोन केला.

31 डिसेंबर 1999 ची रात्र तर मला जन्मात विसरता येणार नाही. मालिकेतलीही आणि माझीही. वाय-टू-केमुळे बाराच्या ठोक्याला संगणक गोंधळतील आणि जग कोसळेल अशी हवा होती. माझा मामेभाऊ वर्षभर परदेशी बँकांच्या जुन्या प्रोग्राममधल्या तारखा दुरुस्त करत होता. मी नव्यानेच बँकेत लागलेली, त्या रात्री शाखेत खात्यांच्या शिलकेची छापील चळत मांडीवर घेऊन बसले होते. संगणक गेला तर कागद हवा, असा आदेश होता. शेजारी मॅनेजर, हवालदार आणि वडापाव. त्याच मुहूर्तावर तिकडे सोलमध्ये ही-दो जग बुडायच्या आत म्हणून यी-जिनचं चुंबन घेते. एकाच घटिकेचे असे दोन उपयोग होऊ शकत होते, हे मला कळायला मध्ये इतकी वर्षं जावी लागली.

मालिकेची चौकट अशी की महासाथीच्या काळात ही-दोची मुलगी मिन-चे आईची जुनी डायरी वाचते. या मुलीचं नाव किम मिन-चे. नायक बेक, मुलगी किम. आडनावावरून गाव, कूळ आणि दूरची आत्या काढणाऱ्या समाजात मी वाढले, पहिल्याच भागात म्हटलं, “हिचं लग्न याच्याशी झालेलं नाही.” भाची खवळली. सावत्र असेल, आईने नाव बदललं असेल, कोरियात पाचातला एक माणूस किमच असतो म्हणून काय झालं, अशा उपपत्ती ती शेवटपर्यंत मांडत राहिली. जगभरच्या तिच्या वयाच्या मुलींनी 2022 च्या वसंतात हेच केलं आणि शेवटी सगळ्या लेखिकेवर तुटून पडल्या.

कारण शेवटी ते दोघं वेगळे होतात. कुणी फसवत नाही, कुणाला आजार होत नाही, स्मृती जात नाही; कोरियन मालिकेत स्मृती न जाणं हा केवढा संयम! 11 सप्टेंबर 2001 नंतर यी-जिन वार्तांकनासाठी न्यूयॉर्कला जातो, कामात बुडतो, भेटी चुकतात, फोन चुकतात, तो ‘सॉरी’ म्हणत राहतो आणि एक दिवस ते शब्दही थकतात. भाची रात्रभर चिडलेली. मला मात्र एक तारीख आठवत होती. कोरियाने नाणेनिधीचं कर्ज मुदतीच्या बरंच आधी, 23 ऑगस्ट 2001 रोजी पूर्ण फेडलं. म्हणजे कर्ज फिटलं आणि तीन आठवड्यांत या दोघांचं बिनसायला सुरुवात झाली. देशाचं देणं डोक्यावर होतं तोवर सगळ्याचं खापर फोडायला आयएमएफ होता. खातं बंद झाल्यावर उरली ती त्याची ड्यूटी आणि तिची वाट बघणं. लेखिकेने हे ठरवून केलं की नाही मला माहीत नाही, पण माझ्या मते या मालिकेतली सर्वांत खरी गोष्ट ती आहे. भाचीचं मत विरुद्ध आहे. ती म्हणते, एक फोन करायला काय होत होतं?

तेव्हा बघणाऱ्यांना एकच विनंती. प्रत्येक भाग तासाभराहून मोठा आहे, घाई करू नका, आणि शेवटचा भाग रविवारी रात्री अजिबात बघू नका. कोरियात तो नेमका रविवारीच दाखवला, 3 एप्रिल 2022 ला. दुसऱ्या दिवशी तिकडच्या बँकांत कामं कशी झाली असतील, देव जाणे.